प्रताप नगरातली भुयारी गाडी

“वाकू नको गा बाब्या! विहिरीचं पाणी माणसाले नावानं बलावते. एकडाव ओ दिला का गेला समज!”

आईचा हा आवाज बाबारावांच्या कानात उभा जन्म राहिला. आई गेली, रामटेकजवळचं धानाचं शिवार धाकट्या भावाच्या वाट्याला गेलं, विहिरीवरची मोट जाऊन मोटर आली. आवाज मात्र हलला नाही. खाली जाणारी पायरी दिसली की तो कानाशी येऊन बसे. बाबाराव मग आभाळाकडे बघत, काहीतरी काम आठवल्यासारखं करत आणि दुसऱ्या वाटेला लागत. नागपूरच्या इतवारी बाजारात त्यांनी दुकान टाकलं तेही ताडपत्रीचं. डोक्यावर ताणायची वस्तू. तिच्या धंद्यात कुणाला खाली वाकून बघावं लागत नाही.

आणि असा हा माणूस, आपण राहत होता त्या अख्ख्या प्रताप नगरात जमिनीखालून धावणाऱ्या रेल्वेचा एकमेव जाणकार ठरला. दैवाला अशा गमती सुचतात.

झालं असं, की दीड वर्षापूर्वी संक्रांतीला इतवारीतल्या भाविकांचा एक जथा गंगासागराला गेला. बाबाराव आणि त्यांच्या सौभाग्यवती कौशल्याबाई त्या जथ्यात होते. परतीला कलकत्त्यात एक दिवस मोकळा मिळाला. तिथं नुकतीच जमिनीखालची गाडी सुरू झाली होती आणि सगळ्यांना गंगेपेक्षा तिचीच ओढ अधिक होती, हे फक्त कुणी बोलून दाखवत नव्हतं. इतर पुरुष कालीघाटाला गेले. बाबाराव बायकांचे पुढारी होऊन गाडी बघायला निघाले. चौरंगी रस्त्यावर पायऱ्यांच्या तोंडाशी पोचले. खालून थंड वारा आला, वाऱ्यामागून भुईच्या पोटात काहीतरी गुरगुरलं, आणि कानातल्या आईनं नावानं हाक मारली.

“माह्यं पोट बिघडलं,” बाबाराव म्हणाले.

समोरच्या मैदानात गवतावर बसून त्यांनी त्या बिघडलेल्या पोटात मोहरीच्या तेलातले मुरमुरे रिचवले, पुन्हा घेऊन पुन्हा रिचवले. बायकांना म्हणाले, “जा तुमी, बाजार पाहून या.” ऊन कललं तेव्हा बायका आल्या. एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, आपापल्या पायांकडे बघून हसत होत्या.

“काय घेतलं?” बाबारावांनी विचारलं.

“काई नाई. पाहून आलो,” कौशल्याबाई म्हणाल्या.

नागपूर स्टेशनावर शेजारचे भैयाजी घ्यायला आले होते. बाबारावांच्या डोक्यावर गाठोडं होतं. भैयाजींनी पहिलाच प्रश्न केला, “बसले का गा बाबाराव, जमिनीखालच्या गाडीत?” बाबारावांची मान हलली. ती होकारानं हलली की गाठोडं सावरताना, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पण भैयाजींना होकार दिसला. आणि भैयाजींचा पानठेला म्हणजे प्रताप नगरचं आकाशवाणी केंद्र.

खोटं भोपळ्याच्या वेलासारखं असतं. त्याला पाणी घालावं लागत नाही, कुंपण दाखवलं की पुरे. संक्रांतीला नुसती मान हलली होती. होळीपर्यंत बाबाराव गाडीत उभे होते, नवरात्रात त्यांना बसायला जागा मिळाली आणि दिवाळीत तर ड्रायव्हरनं त्यांचं गाव विचारलं. तेव्हा प्रताप नगरात निम्मे प्लॉट रिकामे होते, रस्ते मुरमाचे होते, आणि शहर बस आली तर बायका ओसरीवर येऊन बघत. नाही आली तर कुणाला नवल वाटत नसे. पण त्या नगरातल्या कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं कलकत्त्याच्या गाडीची दारं कशी मिटतात ते हात जोडून दाखवलं असतं.

“आपोआप मिटतात,” बाबाराव सांगत. “आत राहिला तं राहिला, बाहेर राहिला तं राहिला. अन् मधात सापडला...” इथं ते थांबत. पुढचं ऐकणाऱ्यानं आपल्या शक्तीप्रमाणे समजून घ्यावं.

“अन् खाली उजेड असते का?” वामनराव विचारत. हे पोस्टातून निवृत्त झालेले. शंका काढणं हा त्यांचा एकच विरंगुळा.

“कुठचा उजेड! भुईच्या पोटात उजेड असते का? मिट्ट काळोख. हात धरून बसा लागते.”

आत सुपात तांदूळ पाखडणाऱ्या कौशल्याबाईंचं सूप जरा थांबे. मग पुन्हा सुरू होई, आणि त्या लयीवर त्यांचं गुणगुणणंही:

भुईच्या गं पोटामंदी, उजेडाचा हाट भरे
लेक निघे दूरदेशी, वाट पुढं पुढं सरे

“काळोख, काळोख!” बाबाराव ओसरीवरून दुरुस्ती करत. “उजेड नाई वं!”

“गाण्यात चालते,” आतून उत्तर येई.

तर असं सगळं मजेत चाललं होतं. मग पुढल्या वर्षी धान लावायच्या दिवसांत मारोतरावांचा, म्हणजे त्या धाकट्या भावाचा, निरोप आला. त्यांची लेक चारुलता रामटेकला नकाशे काढायचं शिकली होती. खाणींच्या सरकारी खात्यात तिला नोकरी लागली, आणि नेमणूक झाली कलकत्त्याला. कचेरी चौरंगीजवळ, बायकांचं वसतिगृह भवानीपुरात. दोहोंच्या मधोमध देवानं नेमकी तीच गाडी घातली होती.

मारोतराव चिखलातले पाय तसेच घेऊन घरात हिंडतील, पण लेकीला अनोळखी शहरात पाठवताना एकेक पाऊल शंभर वेळा तोलतील, असा माणूस. त्यांनी एकच अट घातली. “दादानं हो म्हटलं तं जाईन पोट्टी. आपल्या खानदानात कलकत्त्याचं पोट पाहिलेला तोच एक मानूस हाये. त्यानं शिकवावं, परीक्षा घ्यावी, अन् सांगावं.”

चारुलता आली ती एकटीच. रामटेकहून एसटीनं, नागपुरात बर्डीच्या चौकात गाडी बदलून, आणि पुढली बस न आल्यामुळे पत्र्याची ट्रंक हातात घेऊन पायी.

“एकटी आली?” बाबाराव हादरले. “बर्डीवर हरवली असती तं?”

“नाई हरवत, मोठेबाबा. रस्ता कागदावर काढून घेतला होता.”

“पोरी, कागद जमिनीवरचा असते. खाली कागद चालत नाई.”

ती हसली नाही. दोन्ही पाय जुळवून ऐकत उभी राहिली. “मंग काय चालते, मोठेबाबा? मले सारं सांगा.”

बाबारावांना त्या डोळ्यांकडे बघवेना. आजवर ज्यांनी विचारलं त्यांतल्या कुणालाच कुठं जायचं नव्हतं. कुठंच न जाणाऱ्याला वाट सांगणं सोपं असतं. ही मात्र खरंच जाणार होती. आताच म्हणावं, पोरी, मी वरच बसलो होतो, असं त्यांच्या जिभेच्या टोकाशी आलं. तेवढ्यात फाटकातून भैयाजी, वामनराव आणि समोरच्या कांताबाई आत आल्या. कांताबाईंनी बसायला स्वतःचं पोतं आणलं होतं.

“आजपासून वर्ग हाये म्हणते ना?” कांताबाई म्हणाल्या.

असा तो वर्ग सुरू झाला.

पहिला धडा भुईची परवानगी. विहीर खणताना आपण भुईला हळदकुंकू वाहतो, तांदूळ ठेवतो, मग कुदळ मारतो. तेव्हा तिच्या पोटात शिरायचं तर रोज वरच्या पायरीवर तांदळाचे दाणे ठेवून हात जोडायचे, असं बाबारावांनी सांगितलं. यात खोटं काही नव्हतं, म्हणून तो धडा त्यांनी फार मन लावून शिकवला.

“रोज, मोठेबाबा? कचेरीच्या घाईत?”

“भुई रोजचीच हाये ना वं?”

दुसरा धडा श्वासाचा. गाडी सुटली की हवा जड होते, शिट्टी होईपर्यंत दम धरायचा. सगळ्या वर्गानं दम धरला. शिट्टी भैयाजींनी वाजवायची होती, पण त्यांच्या तोंडात पान होतं. कांताबाई निळ्याजांभळ्या होऊन पोत्यावर कलल्या. त्यांना कांदा हुंगवला तेव्हा त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, “आलं का भवानीपूर?”

तिसरा धडा सरकत्या जिन्याचा. हा जिना बाबारावांनी पाहिलाच नव्हता. तो त्यांना यात्रेतल्या कुणाच्यातरी बोलण्यातून माहीत. दुकानातून एक लांबलचक ताडपत्री आणून अंगणात पसरली. एका टोकाला भैयाजी आणि वामनराव ओढायला, दुसऱ्या टोकाला चारुलता. “ओढा!” म्हणताच दोघं ओढत आणि तिनं सरकत्या ताडपत्रीवर पाय टाकायचा. पहिल्यांदा ती घसरली. मग तिनं साडीचा काठ किंचित उचलला, पुढचा पाय आधी ठेवला, आणि नदीत होडीवर चढावं तशी चढली. टाळ्या पडल्या. मग हौसेनं कांताबाई चढल्या आणि त्यांच्या वजनानं वामनराव पुढच्या पुढे तोंडावर आले. “यंत्रात बिघाड,” भैयाजी म्हणाले.

दोन बाजा उभ्या करून त्यांची आपोआप मिटणारी दारं झाली. चारुलता त्यांतून सुळकन निघे. खरं म्हणजे ती प्रत्येक परीक्षेत पास होत होती, आणि तेच बाबारावांना भोवत होतं. पास झाल्यावर ती प्रश्न विचारी.

“तिकीट वर मिळते का खाली?”

“गर्दीवर हाये.”

“गाडी दोन्हीकडून येते तं मले कोणत्या बाजूची घ्या लागन?”

“आली त्या बाजूची.”

“अन् उलटी गेली तं?”

“तर्क लावायचा! इतकं शिकली, तर्क नाई शिकवला का मास्तरनं?”

तिनं पुढं विचारलं नाही. पण तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली. नकाशात कुठंतरी नदी चढणीला वाहताना दिसली की पडावी तशी.

त्याच दुपारी बाबाराव ओसरीत पडले होते. आत कौशल्याबाई आणि चारुलता मिरच्यांची देठं खुडत होत्या.

“मोठ्याई,” चारुलता हळू बोलत होती, “मोठेबाबा खुश होऊनच नाई राहिले. रोज म्हणतात, अजून कच्ची हाये. परवाची हावडा मेल चुकली तं ती जागा दुसऱ्याले देतील. अन् बाबा तं म्हणूनच राहिले, नोकरी नसन तं लगन. मौद्याचं एक स्थळ पाहून ठेवलं त्याईनं.”

“पोरगा कसा हाये?”

“चांगला हाये म्हणतात. मले काय करायचं चांगल्याचं! मी आजलोक दुसऱ्यांच्या वाटा काढल्या कागदावर, मोठ्याई. डोंगर काढले, नाले काढले. त्यातल्या एका वाटेनं मले चालून पाहू द्या ना.”

मिरच्या खुडणारे हात थांबले. ओसरीत बाबारावांनी कूस बदलली. वाटलं, उठावं, आत जावं, सांगून टाकावं. जन्मभर लोकांच्या डोक्यावर ताडपत्र्या ताणल्या, एका पोरीच्या डोक्यावर हे आपलं ओझं कशाला? ते उठलेही. पण फाटकाशी भैयाजी उभे होते.

“बाबाराव, उद्याच्या परीक्षेले माह्या साडूले बलावू का? तो उमरेडहून येते म्हणते. त्यानं जमिनीखालची कोळशाची खाण पाह्यली, पण गाडी नाई पाह्यली.”

“बलाव,” बाबाराव म्हणाले. झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मारोतराव आले. डोईला धुतलेलं पागोटं, पिशवीत घरच्या पोह्यांची पुरचुंडी. अंगणात ताडपत्री अंथरलेली, बाजा उभ्या, पोत्यांवर वर्ग बसलेला, आणि भैयाजींचे साडू पहिल्या रांगेत. लग्नाला आल्यासारखी माणसं. चारुलतेनं ओसरीच्या वरच्या पायरीवर तांदूळ ठेवून भुईला हात जोडले, सरकती ताडपत्री पार केली, मिटत्या बाजांतून निघाली, श्वास धरला आणि सोडला. कुठं काही चुकलं नाही.

मारोतरावांचे डोळे भरून आले. ते उठले आणि त्यांनी थोरल्या भावाच्या पायांना हात लावला. “दादा, मले कळते काय ह्यातलं? तुम्ही उभे हाव म्हणून मी पोट्टीले सोडून राहिलो. फक्त एक करा. तिच्यासंगं जा. पहिल्या दिवशी तुम्ही पुढं, ती मागं, असे खाली उतरा. तिले एकडाव भवानीपूरले उतरवून द्या अन् या वापस. मंग माह्या जिवाले घोर नाई.”

“लै बेस!” भैयाजी म्हणाले. “बाबारावच घेऊन जातीन. ड्रायव्हर बी वळखीचा हाये.”

अंगणातली भुई बाबारावांच्या पायांखाली किंचित हलल्यासारखी झाली, ताडपत्री कुणी ओढत नव्हतं तरी. सगळे त्यांच्याकडे बघत होते. खाली उतरायचं किंवा खरं बोलायचं, असे दोनच रस्ते होते आणि दोन्ही खोल होते. त्यांनी तिसरा काढला.

“नाई,” ते म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. “पोट्टीले नाई जमणार.”

“काहून गा दादा? आताच तं...”

“अंगणातली गोष्ट वेगळी. तिथं मोठेमोठे मर्द चळतात. मी पाह्यलं ना! हे नाजूक पोर चेंगरून मरन. नोकरी-बिकरी राहू दे. मौद्याचं स्थळ हाये म्हणते, तेच पाय.”

कांताबाईंनी पदर तोंडाशी नेला. मारोतरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं; त्यांना आता काय करावं ते कळत नव्हतं, पण दादाचा शब्द आला होता आणि त्या घरात दादाचा शब्द आला की पुढची ओळ नसे. “बरं,” ते म्हणाले. “तुम्ही म्हणता तं बरं.”

चारुलतेनं वाद घातला नाही. रडलीही नाही. वाकून तिनं वरच्या पायरीचे ते तांदळाचे दाणे उचलले, वाया जाऊ नयेत म्हणून एकेक करून मुठीत घेतले, आणि ट्रंक आणायला आत गेली.

ट्रंकेची कडी वाजली आणि आतून पदराला हात पुसत कौशल्याबाई बाहेर आल्या. सभेत त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. आताही त्या उभ्या राहिल्या त्या खांबाला धरून.

“मारोतभाऊजी,” त्या म्हणाल्या, “पोट्टीले जाऊ द्या. तिथं चेंगरायसारखं काई नाई.”

“वैनी, पण दादा म्हणून राहिले ना...”

“ह्याईले नाई मालूम.”

भैयाजी पान चघळायचे थांबले. बाबाराव बायकोकडे बघत राहिले. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, एकदा त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं, आता माह्याच्यानं होत नाई, एवढंच होतं.

“त्या दिशी ह्याईचं पोट बिघडलं. हे मैदानात बसले. भेव वाटलं असन. वाटते मानसाले, त्यात काय? मी दीड वर्स काई बोलली नाई. म्हटलं, ह्याईच्या सांगण्यानं कोनाचं काय जाते, चार लोकं ओसरीवर येतात, चहा पेतात. पण भेव ह्याईचं हाये, भाऊजी. ते पोरीच्या ट्रंकेत काहून भरता?”

“मंग तुमाले कसं मालूम, वैनी?” मारोतरावांनी विचारलं.

कौशल्याबाईंनी खांब सोडला.

“मी बसली होती त्या गाडीत. आमी साऱ्याजणी बसलो होतो. हे म्हणे बाजार पाहा, आमी खाली उतरलो. तिथं काळोख नाई, लग्नाच्या मांडवासारखा लखलख उजेड हाये. दम धरा लागत नाई. एका बंगाली म्हातारीनं मले हात धरून जागा देली, तिची भाषा मले नाई समजली अन् माही तिले नाई समजली, तरी आमी भवानीपूरलोक बोलत गेलो. अन् मंग वापस आलो. अन् मंग,” इथं त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात इतक्या महिन्यांचं दाबलेलं हसू हललं, “मंग पुन्हा गेलो. दोनदा बसलो.”

दारात चारुलता ट्रंक घेऊन उभी होती. कौशल्याबाई तिच्याकडे वळल्या.

“फक्त एक ध्यानात ठेवजो, पोरी. खालची फरशी देवळावानी चकाचक हाये, पाहून कोनाचंबी मन होते. पण चपला पायातच राहू देजो. आमी साऱ्याजणी वरच्या पायरीवर काढून, वळीनं मांडून गेलो होतो; वापस आलो तं एकबी जोडी जाग्यावर नोती.”